किनारा डावीकडे ठेवला की गोवा येतंच ना?

बोरीबंदरचा_बाळ्या (धागाकर्ता), रविवार रात्री ९:४०

मंडळी, एक सल्ला हवा आहे. उपदेश आला तरी चालेल, घरी रोज मिळतोच.

आम्ही चार कॉलेजमित्र. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. गेल्या महिन्यात वर्गणी काढून एक जुनी २४ फुटी शिडाची बोट घेतली. फायबरची आहे, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन आहे, शिडं ठिगळाची पण धड आहेत. चौघांपैकी एकाने कॉलेजात असताना दोन उन्हाळे डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवली होती. बाकी तिघांचा अनुभव म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवस.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून गोव्याला जायचा बेत आहे. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. ताशी पाच मैल धरले तर ४५ तास, म्हणजे दोन दिवसांना थोडं कमी. वाटेत मुक्काम करत गेलो तर पाच-सहा दिवस.

आता मूळ मुद्दा. आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की आधी नेव्हिगेशनचा रीतसर कोर्स करावा, कागदी नकाशे आणावेत वगैरे. बाकी तिघांना (त्यात मी आलो) हे जरा जास्त वाटतं. अटलांटिक थोडाच ओलांडायचाय? मुंबईतून बाहेर पडायचं, डावीकडे वळायचं आणि किनारा डाव्या हाताला ठेवायचा. चुकणार काय? चार फोन आहेत, दोन पॉवर बँक आहेत, यूट्यूबवर तीसेक व्हिडिओ पाहून झालेत. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी अनुभव सांगावेत.

---

गोट्या_खेळणारा, रविवार रात्री ९:४८

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

खडूस, रविवार रात्री ९:५५

चार मालक आणि सुकाणू एक. आधी त्याचा निकाल लावा, नेव्हिगेशन नंतर.

---

तांडेलाची_लेक, रविवार रात्री १०:२०

बाळ्याभाऊ, एकच प्रश्न. तुमच्या बोटीचा तळ पाण्यात किती खोल जातो?

---

बोरीबंदरचा_बाळ्या, रविवार रात्री १०:२६

@तांडेलाची_लेक, कागदपत्रात असेल, बघून सांगतो. पण किनाऱ्यापासून बरेच आत राहणार आहोत, त्यामुळे तो प्रश्न येऊ नये.

---

साउदॅम्प्टनचा_सदू, रविवार रात्री १०:५१

'किनारा एका हाताला ठेवायचा' हे वाचून इथला एक किस्सा आठवलाच. २०१० मध्ये इंग्लंडात सगळ्या पेपरांत आला होता.

एक गृहस्थ केंट परगण्यातून साउदॅम्प्टनला निघाले. मोटरबोट होती. जवळ नकाशा कसला, तर रस्त्यांचा. त्यांचं धोरण शब्दशः तुमचंच, फक्त हात वेगळा: जमीन उजवीकडे ठेवायची. ठेवली की त्यांनी, अगदी इमानेइतबारे ठेवली. फक्त ती जमीन म्हणजे थेम्सच्या मुखाजवळचं शेपी नावाचं बेट निघालं. बेटाला किनारा असतो आणि तो गोल फिरून परत तिथेच येतो. हे गृहस्थ इंधन संपेपर्यंत त्या बेटाला प्रदक्षिणा घालत होते. शेवटी लाइफबोटवाल्यांनी ओढून आणलं.

लोक हसतात, पण मला ते गृहस्थ अगदीच मूर्ख वाटत नाहीत. पाण्यातून जमीन कशी दिसते हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल. खाडीचं तोंड, बेट, भूशिर सगळं एकाच राखाडी पट्टीत मिसळून जातं.

इथे खाजगी छोट्या बोटीला परवाना सक्तीचा नाही. पैसे असतील तर सकाळी बोट घ्या, दुपारी समुद्रात जा. तरीही बहुतेक लोक आरवायए या इथल्या बोटिंग संस्थेचा डे स्किपर कोर्स करतात, कारण सॉलेंटची (साउदॅम्प्टनसमोरची सामुद्रधुनी) भरती-ओहोटी दोन-चार वेळा कान उपटतेच.

---

मीठभाकर, रविवार रात्री ११:०५

शेपी प्रदक्षिणा! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही पुण्यात पहिल्यांदा आलात तेव्हा स्वारगेटला हेच केलं होतं."

---

मास्तर_ऑन_लीव्ह, सोमवार सकाळी ७:३२

मर्चंट नेव्हीत २६ वर्षं झाली, सध्या सुट्टीवर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बाळ्या, तुझ्या वाक्यातली गफलत सांगू? तू किनाऱ्याला वाटाड्या समजतोयस. आम्ही त्याला धोका समजतो. खोल समुद्रात बोट एकदम फुटत नाही, ती फुटते ती जमिनीच्या जवळ. मुंबईतून बाहेर पडताना प्राँग्ज दीपगृहाजवळचे खडक आहेत. पुढे खांदेरी-उंदेरी. मुरुड-जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणात तर सिंधुदुर्गाभोवती खडकांचं पेवच फुटलंय, आणि सगळ्यात शेवटी वेंगुर्ल्याचे बंदारे (खडकाळ बेटं), किनाऱ्यापासून बरेच आत समुद्रात. म्हणजे तू 'बरेच आत' राहिलास की नेमका तिथे पोचणार. किनारा डावीकडे आणि खडक पुढ्यात.

दुसरं. तू ज्या वाटेने बाहेर पडणार ती मुंबई आणि न्हावा-शेव्याची जहाजं ये-जा करतात ती वाट. शिडाच्या होडीला अग्रहक्क असतो हे तू यूट्यूबवर ऐकलं असणार. अर्धवट खरं आहे. अरुंद खाडीमार्गात २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, हा आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नववा नियम आहे. कारण साधं आहे: ते जहाज खणलेल्या वाटेबाहेर जाऊच शकत नाही आणि पटकन थांबूही शकत नाही. बारा नॉटने (ताशी बारा सागरी मैल) येणारं जहाज एक मैल पाच मिनिटांत कापतं. तुझं आउटबोर्ड दोरी ओढल्यावर कितव्या झटक्याला सुरू होतं?

---

बोरीबंदरचा_बाळ्या, सोमवार सकाळी ९:१०

मास्तर, मनापासून आभार. (पाचव्या-सहाव्या झटक्याला.)

पण हे सगळे खडक फोनवरच्या नकाशात दिसतात ना? मग बघत बघत जाऊ.

---

वायरमन, सोमवार सकाळी ९:४५

कुठल्या नकाशात? गुगल मॅप्सवर समुद्र म्हणजे निळा रंग, त्यात खोली नसते. नेव्हिऑनिक्ससारखं ॲप घ्यावं लागेल, आणि नकाशे आधी उतरवून ठेवावे लागतील. किनाऱ्यापासून जरा लांब गेलं की फोनची रेंज जाते.

आणखी एक गंमत. माझ्या मित्राने नांगरायची जागा व्हॉट्सॲपवर पाठवली होती: '१८ ४५ ३०'. आता हे १८ अंश ४५ मिनिटं ३० सेकंद, की १८ अंश ४५.३० मिनिटं, की १८.४५३० अंश? पहिल्या दोघांत फरक ३७० मीटरचा. तिसरं धरलं तर १८ सागरी मैलांचा, म्हणजे एक किहीमला आणि दुसरं काशीदला. आम्ही तिसरं धरलं होतं. तेव्हा गाडीने चाललो होतो म्हणून फक्त पेट्रोल गेलं.

---

दर्याराजा_१९४८, सोमवार सकाळी ११:३०

तुम्ही आजकालची मुलं फार घाबरता. आमच्या आजोबांच्या वेळी गलबतं नकाशाशिवाय मस्कतला आणि मलबारला जात होती. ना जीपीएस, ना कोर्स. आकाशातले तारे आणि काळजात हिंमत, बस्स.

---

तांडेलाची_लेक, सोमवार दुपारी १:१५

@दर्याराजा काका, नमस्कार. गलबतं नकाशाशिवाय जात होती, ज्ञानाशिवाय नाही. माझे वडील थळचे. त्यांच्याकडे आजही कागद म्हणून एक चिठोरं नाही, पण डोक्यात सगळा तळ आहे. कनकेश्वराचा डोंगर अमुक झाडावर आला की अमुक खडक, खांदेरीचा दिवा देवळाच्या मागे गेला की इथे इतके वाव पाणी. अशा दोन खुणा एका रेषेत धरून ते अंधारात जाळं काढून आणतात. हे शिकायला त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापासून पंधरा वर्षं लागली. आधी खलाशी, मग तांडेल. सुरुवातीची काही वर्षं त्यांना सुकाणूला हातही लावू दिला नव्हता, फक्त पाणी उपसायचं आणि भात शिजवायचा.

काल रात्री मी बाबांना हा धागा वाचून दाखवला. किनारा डावीकडे ठेवणार हे ऐकल्यावर म्हणाले, "आनि पान्याखालचा किनारा कंच्या बाजूला ठेवनार?"

---

निळाई, सोमवार दुपारी १:२२

बाबांना साष्टांग. प्रतिसाद संपला, धागा बंद करा.

---

जुनी_पाने, सोमवार दुपारी ३:०४

धागा कसला बंद, आता तर रंगात आलाय. तांडेलाच्या लेकीच्या मुद्द्याला पुरवणी.

कच्छच्या मालमांकडे (मालम म्हणजे वाट काढणारा) पोथ्या असत. त्यात ताऱ्यांच्या दिशा, किनाऱ्याची चित्रं, बंदरांची अंतरं. म्हणजे 'नकाशा नव्हता' हेही पुरतं खरं नाही.

आणि वास्को द गामाची गोष्ट तर या धाग्यासाठीच घडली असावी. १४९८ मध्ये त्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला एक जाणता वाटाड्या घेतला आणि एप्रिलच्या अखेरीस निघून साधारण चार आठवड्यांत कालिकतला पोचला. परत जाताना वाटाड्याही नाही आणि मोसमाची पर्वाही नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला, तेव्हा वाऱ्याने अजून कूस बदलली नव्हती. तोच समुद्र, तीच जहाजं, आणि लागले जवळजवळ तीन महिने. तीसेक खलाशी स्कर्व्हीने वाटेतच गेले. हिंमत जाताना होती तेवढीच येतानाही होती, काका.

वाटाड्या नक्की कोण होता यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा. तिथे मी येईन.

---

दर्याराजा_१९४८, सोमवार सायंकाळी ५:४०

बरं बाबा. मस्कतचं मी ऐकीव लिहिलं. पण हिंमत लागतेच हे माझं म्हणणं कायम. रामदास बोट आठवते का कुणाला? १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. माझा जन्म पुढल्या वर्षीचा, पण घरी दर आषाढात तो विषय निघायचा. आमच्या आळीतली दोन घरं बसली त्यात.

---

मास्तर_ऑन_लीव्ह, सोमवार सायंकाळी ६:१५

काका, रामदासचं दुःख मोठं आहे, सहाशेहून जास्त माणसं गेली. पण ते उदाहरण इथे लागू होणार नाही. काशाच्या खडकाजवळ ती वादळी लाटेने कलंडली, कप्तान वाट चुकला नव्हता. दोन्ही एकत्र केलं तर या पोरांना वाटेल की नशीबच सगळं ठरवतं.

---

जर्सीकाकू, सोमवार रात्री ८:३०

मी न्यू जर्सीत राहते, नवऱ्याच्या नादाने दहा वर्षं बोटीवर आहे. बाळ्या, ते तीस यूट्यूब व्हिडिओ कुठले पाहिलेस? अमेरिकन असतील तर सांभाळ. आम्हाला इथे पहिल्या दिवशी घोकून घेतात: 'रेड, राइट, रिटर्निंग'. म्हणजे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला.

गेल्या वर्षी माहेरी आले होते, तेव्हा मांडव्याला जाताना पाहिलं तर सगळं उलटं! म्हटलं, हा बोटवाला चुकला. ओरडायचीच बाकी होते.

---

मास्तर_ऑन_लीव्ह, सोमवार रात्री ८:५२

काकू, बरं झालं ओरडला नाहीत. जगाचे दोन भाग आहेत. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स इथे लाल उजवीकडे. भारत, युरोप आणि बाकी जगात बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिकन व्हिडिओ पाहून मुंबईत शिरणारा माणूस प्रत्येक बोयाला चुकीच्या बाजूने जाईल, तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

---

बोरीबंदरचा_बाळ्या, सोमवार रात्री ९:०५

तीसपैकी सव्वीस अमेरिकन होते. आता काय विसरायचं आणि काय लक्षात ठेवायचं?

---

खडूस, सोमवार रात्री ९:०७

चार मित्र आहात ना, दोघांनी लाल विसरा, दोघांनी हिरवा.

---

होकायंत्र_प्रेमी, सोमवार रात्री १०:३०

होकायंत्राबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मुंबईच्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे इथे शिकलेल्यांना दुरुस्ती करायची सवयच लागत नाही. मी ऑकलंडला गेलो तेव्हा पहिल्याच सरावात तोंडावर पडलो, तिथे वीस अंशांच्या आसपास फरक आहे.

पण फरक नाही म्हणून इथे निर्धास्त राहू नका. आमच्या एका सफरीत बोट सारखी दक्षिणेऐवजी आग्नेयेला जात होती. प्रवाह असेल, वारा असेल, अशी तासभर चर्चा झाली. शेवटी कळलं की मित्राने गाण्यांचा स्पीकर नेमका होकायंत्राशेजारी ठेवला होता. आत चुंबक. गाणी बंद केली तरी सुई तिकडेच. स्पीकर हलवला तेव्हा सुई जागेवर आली आणि समोर एका डोल जाळ्याचे खांब दिसले, हाकेच्या अंतरावर. रात्र असती तर जाळं, पंखा, आणि ज्याचं जाळं फाटलं त्याच्या शिव्या, सगळं एकदमच मिळालं असतं.

---

तांडेलाची_लेक, सोमवार रात्री १०:४४

शिव्यांवर थांबलं नसतं. एक जाळं उभं करायला लाखभर जातात हो.

---

वाऱ्याची_वरात, मंगळवार सकाळी ८:२०

सगळे जण बाळ्याला झोडपतायत म्हणून थोडी दुसरी बाजू. अनुभव जाऊनच येतो. कोर्स करून, सगळे नकाशे घेऊन, सगळे परवाने काढून मगच जायचं ठरवलं तर माणूस साठीचा होतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने 'सुहैली' आपल्या मुंबईतच सागवानात बांधून घेतली आणि १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता, ३१२ दिवसांत जगाची फेरी मारली. त्या शर्यतीत नऊ जण होते, पुरा झाला तो एकटाच. लोक त्यालाही वेडाच म्हणत असणार.

---

मास्तर_ऑन_लीव्ह, मंगळवार सकाळी ९:०२

वरात, उदाहरण चुकलं. नॉक्स-जॉन्स्टन आमच्याच धंद्यातला, मर्चंट नेव्हीचा अधिकारी. नेव्हिगेशन त्याचं पोटापाण्याचं काम होतं. सुहैली त्याने आधी मुंबईहून इंग्लंडला नेली, मग शर्यतीत उतरवली.

त्याच शर्यतीतला दुसरा माणूस बघ, डोनाल्ड क्रोहर्स्ट. हौशी, वीकेंडला बोट चालवणारा. त्याच्या धंद्याचं मुख्य यंत्रच नेव्हिगेशनचं होतं, रेडिओ लहरींवरून दिशा सांगणारं. आकडेमोड त्याला उत्तम येत होती. पण बोट तयार नव्हती, मोठ्या समुद्राचा अनुभव नव्हता आणि कर्ज होतं. अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि खोटी ठिकाणं कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट रिकामी सापडली. म्हणजे नुसतं गणित येऊनही भागत नाही.

आपल्या लोकांचंच बघायचं तर दिलीप दोंदे आणि अभिलाष टॉमी यांचं बघ. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली म्हादेई घेऊन दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले, टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता. दोघेही नौदलातले. निघण्याआधी त्याच बोटीवर त्यांनी किती मैल काढले असतील याचा अंदाज कर.

---

वाऱ्याची_वरात, मंगळवार सकाळी ९:३०

मान्य. पण मग व्यावसायिकांकडून चुका होत नाहीत असं म्हणायचंय का?

---

मास्तर_ऑन_लीव्ह, मंगळवार सकाळी १०:११

होतात ना, आणि आमच्या चुका जास्त महाग असतात. २०१४ च्या व्होल्वो ओशन रेसमध्ये केप टाउनहून अबू धाबीला निघालेली 'टीम वेस्टास विंड' ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस नावाच्या प्रवाळावर चढली. २९ नोव्हेंबरची रात्र, शिडं भरलेली. नऊच्या नऊ जण वाचले, पण बोटीचा मागचा भाग गेला. जगातले निवडक खलाशी, लाखो डॉलरची यंत्रं. प्रवाळ इलेक्ट्रॉनिक नकाशात होतं, पण पुरेसं झूम केल्याशिवाय त्याचा धोका दिसत नव्हता. झूम करायचं राहून गेलं.

म्हणून बाळ्याच्या 'फोनवर बघत बघत जाऊ'ची मला धास्ती वाटते. घरी बसून, आधी, पूर्ण मार्ग एकदा मोठ्या प्रमाणात बघायचा. बोटीवर उलटी येत असताना बोटांनी झूम होत नाही.

जीपीएसवर पूर्ण विसंबणंही बंद करा. आखातात आणि लाल समुद्रात आमच्या पडद्यावर जहाज कधी विमानतळावर उभं दिसतं तर कधी वाळवंटात. मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ 'एमएससी अँटोनिया' हे कंटेनर जहाज उथळावर चढलं, तिथेही जीपीएसमधल्या गडबडीचाच संशय घेतला गेला. कोकणात असं व्हायचं नाही कदाचित, पण फोन पाण्यात पडायला कुणाचा शत्रू लागत नाही.

---

मीठभाकर, मंगळवार सकाळी १०:२५

विमानतळावर उभं जहाज! बोर्डिंग पास दाखवला का?

---

साउदॅम्प्टनचा_सदू, मंगळवार दुपारी ४:००

अवांतर: उथळ जागेवरून आठवलं. सॉलेंटच्या मधोमध ब्रॅम्बल बँक नावाची वाळूची पट्टी आहे. वर्षातून एकदा, अगदी मोठ्या ओहोटीला ती तासभर उघडी पडते आणि दोन यॉट क्लब तिथे क्रिकेटचा सामना खेळतात. स्टंपा-बिंपांसकट. पाणी परत चढायला लागलं की सामना संपला. २००८ मध्ये क्यूई-टू हे प्रवासी जहाज साउदॅम्प्टनच्या शेवटच्या फेरीला त्याच पट्टीवर अडकलं होतं, मग टग लावून काढलं.

---

खडूस, मंगळवार दुपारी ४:०३

पाऊस नाही, खराब प्रकाश नाही, 'समुद्र आल्यामुळे खेळ थांबला'. मस्त.

---

तांडेलाची_लेक, मंगळवार सायंकाळी ७:३०

मुंबईच्या भरती-ओहोटीला कमी समजू नका. मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरने वरखाली होतं, म्हणजे दीड मजला. भांगेला (अष्टमीच्या आसपास) त्याहून बरंच कमी.

बाबांचा हिशेब सांगते, कोकणात बहुतेकांना माहीत असतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पुनवेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती (पूर्ण ओहोटी). अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण वेळापत्रक हाताशी नसेल तेव्हा हे पुरतं.

आणि पाणी सगळे सहा तास सारखं उतरत नाही. पहिल्या तासाला थोडंसं, मधल्या दोन तासांत धडाधडा.

---

होकायंत्र_प्रेमी, मंगळवार सायंकाळी ७:४८

यालाच कोर्समध्ये बाराव्या हिश्श्याचा नियम म्हणतात. सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से. एकूण फरक ४.८ मीटर असेल तर पहिल्या तासाला ४० सेंटिमीटर आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला प्रत्येकी सव्वा मीटरला जरासं कमी. म्हणजे मधल्या वेळी चहा प्यायला थांबलात तरी पाणी हातभर खाली गेलेलं असतं. नकाशातले खोलीचे आकडे अगदी खालच्या ओहोटीचे असतात, त्यात त्या वेळची भरती मिळवायची. आमचे हजारो रुपये गेले कोर्समध्ये, बाबांनी पाऊणकीत सांगितलं.

---

बोरीबंदरचा_बाळ्या, मंगळवार रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद मित्रांना वाचून दाखवले. कोर्सवाला मित्र काहीच बोलला नाही, नुसता हसत होता, ते जास्त लागलं. ठरलं असं की गोवा नंतर बघू, येत्या शनिवारी फक्त मांडवा, जमलं तर रेवसपर्यंत. हे तरी चालेल ना?

---

मास्तर_ऑन_लीव्ह, मंगळवार रात्री १०:२८

चालेल. घरी कुणाला तरी परतायची वेळ लिहून द्या. लाइफ जॅकेट अंगावर घाला, बोटीत ठेवू नका. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) असेल तर चॅनल १६, तटरक्षक दलाचा फोन १५५४. आणि तिथी बघा.

---

निळाई, रविवार सकाळी ८:००

बाळ्या? शनिवार होऊन गेला. कुठे आहात?

---

गोट्या_खेळणारा, रविवार सकाळी ९:१२

पॉपकॉर्न खाली ठेवले आहेत. अरे, कुणाकडे नंबर आहे का याचा?

---

बोरीबंदरचा_बाळ्या, रविवार दुपारी १२:३५

आहे, आहे. सगळे धडधाकट आहोत. अंगाला चिखलाचा वास आहे, पण धडधाकट.

झालं ते असं. सकाळी दहाला निघालो. वारा छान, पाणी शांत, इंजिन तिसऱ्याच झटक्याला सुरू झालं. लाल-हिरवे बोये बरोबर ओळखले (काकू, नजर ठेवून होतो). न्हावा-शेव्याकडे जाणारं एक भलं मोठं कंटेनर जहाज लांबून दिसलं तसे आम्ही वाटेबाहेर जाऊन थांबलो. इतके खूष झालो की मांडवा सोडून रेवसच्या बाजूला वळलो. म्हटलं, खाडीत जरा आत जाऊन नांगर टाकू, डबे खाऊ.

बाराच्या सुमाराला बोट थांबली. धक्का नाही, आवाज नाही. शिडात वारा भरलेला आणि आम्ही जागच्या जागी. फोनवरच्या नकाशात आमच्याखाली दीड मीटर पाणी दाखवत होतं. मी झूम केलं. मास्तर, खरंच सांगतो, झूम केल्यावर वेगळाच आकडा दिसला.

इंजिन उलटं फिरवलं तर चिखलाचा फवारा. मग कोर्सवाल्याने विचारलं, "आज तिथी कोणती?" घरी फोन लावला. आई म्हणाली, "द्वादशी. काल एकादशीचा तुझा उपास नव्हता म्हणून कळलं नसेल." बारा पाऊणे नऊ. म्हणजे नऊला भरती, तीनला सुकती. आम्ही नेमके मधल्या धडाधडा उतरणाऱ्या तासांत आत शिरलो होतो. आणि जेवढं पाणी आम्हाला अडकताना होतं तेवढं परत यायला सहा वाजणार होते. गणित आता सगळ्यांनाच आलं.

दोनपर्यंत बोट एका कुशीवर आडवी झाली. आम्ही चौघे तिरपे बसून तिरपे डबे खाल्ले. एक छोटी होडी शेजारच्या पाण्यातून गेली. वल्हवणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय, घर बांधताय काय हितं?" त्यांनीच सांगितलं की नांगर आताच खोल बाजूला नेऊन टाका, म्हणजे पाणी आल्यावर वर ढकलले जाणार नाही. एक जण मांडीभर चिखलातून नांगर घेऊन गेला. एक चप्पल अजून तिथेच आहे.

सहा वाजून दहा मिनिटांनी बोट तरंगली. अंधारात परत यायची हिंमत नव्हती, रेवसलाच बांधून ठेवली आणि रस्त्याने घरी आलो. घरी लिहून दिलेली वेळ संध्याकाळी पाचची होती, त्यामुळे बायको १५५४ ला फोन लावायच्या बेतात होती. ते प्रकरण इथे लिहित नाही.

---

मास्तर_ऑन_लीव्ह, रविवार दुपारी १:०५

चिखल होता म्हणून वाचलात, खडक असता तर हीच गोष्ट वेगळी लिहावी लागली असती. पण जहाजाला वाट दिलीत हे वाचून बरं वाटलं. गोव्याचं काय?

---

बोरीबंदरचा_बाळ्या, रविवार दुपारी १:२०

डिसेंबरचं रद्द. चौघांनी कोर्सला नावं घातली. त्यानंतर फेब्रुवारीत बघू, दिवसा दिवसा आणि टप्प्याटप्प्याने. @तांडेलाची_लेक, बाबा पहिल्या टप्प्याला, म्हणजे थळपासून मुरुडपर्यंत, आमच्यासोबत येतील का? जो काही मान असेल तो देऊ.

---

तांडेलाची_लेक, रविवार दुपारी २:०२

बाबांना विचारलं. म्हणाले येईन, पण सुकाणूला मी सांगेन तेव्हाच हात लावायचा आणि भात तुम्ही शिजवायचा.

आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. बोटीचा तळ किती?

---

बोरीबंदरचा_बाळ्या, रविवार दुपारी २:१०

एक मीटर अठरा सेंटिमीटर. कागदपत्रात नव्हतं. काल दुपारी तीनला चिखलात उभं राहून टेपने मोजलं.

---

खडूस, रविवार दुपारी २:११

चिखलात रुतलेला भाग धरून की सोडून?